मुंबईत आर्म लिफ्ट करायची आहे, आधी काय माहीत असायला हवं?

प्राजक्ता_मुलुंड

मोठ्या बहिणीसाठी विचारतेय. वय ४४, उंची ५ फूट ३ इंच. बॅरिअॅट्रिक (वजन कमी करण्याच्या) सर्जरीनंतर वजन १०६ किलोवरून ६९ वर आलं आणि गेले सात-आठ महिने तिथेच आहे. दोन्ही दंडांची कातडी काखेपासून कोपरापर्यंत लोंबते. घडीत घाम साठून पावसाळाभर खाज आणि लाल चट्टे, कुर्त्याची बाही दंडात अडकते. एका क्लिनिकने सांगितलं, "फक्त लायपोसक्शन करू, व्रण येणार नाही, संध्याकाळी घरी." दुसरीकडे पूर्ण आर्म लिफ्ट, म्हणजे दंडाची सैल कातडी कापून काढायची शस्त्रक्रिया, करावी लागेल म्हणाले.

तिला डायबेटिस आहे, दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक डापाग्लिफ्लोझिन. नोकरी फोर्टला, रोज मुलुंडहून लोकलने जाते. घरी सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं, त्यामुळे घरकामातून किती दिवस बाजूला राहावं लागेल हेही कळायला हवं.

दोघांपैकी कुणाचं बरोबर? व्रण कुठे येतो, किती दिसतो? विमा मिळतो का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? कृपया नीट माहिती असणाऱ्यांनीच लिहा.

दहाशून्य_नायलॉन

दंड प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शेवटचा शब्द कुणी देऊ नये, पण तुम्ही वर्णन केलंय त्यात नुसत्या लायपोसक्शनने भागण्याची शक्यता फारच कमी आहे. लायपोसक्शन चरबी काढतं, कातडी काढत नाही. चरबी निघाल्यावर वरची कातडी आपणहून आकसावी लागते आणि ते तिच्यातल्या लवचीक तंतूंवर अवलंबून असतं. एवढं वजन उतरलेल्या माणसात हे तंतू ताणून तुटलेले असतात. आतली उरलीसुरली चरबी काढली की कातडी आणखी रिकामी होते आणि आधीपेक्षा जास्त लोंबते. मग वर्षभराने आर्म लिफ्ट करावीच लागते, खर्च दुप्पट. रेडिओफ्रीक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) कातडी घट्ट करून देतो असंही कुणी सांगेल. किंचित सैलपणाला त्याचा थोडा उपयोग होतो, लोंबणाऱ्या कातडीला नाही.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर ताईंना हात खांद्याच्या रेषेत आडवा धरून कोपर काटकोनात वाकवायला सांगा. दंडाखालचा भाग चिमटीत धरा. चिमटीत जाड, भरीव लागलं तर चरबी बरीच आहे. दीड सेंटिमीटरपेक्षा पातळ भरलं, खाली ओढल्यावर कातडी तिथेच लोंबत राहिली, तर दुखणं कातडीचं आहे. आणखी एक बघा: ही घडी काखेत संपते की काखेखालून ब्रेसियरच्या पट्ट्यापर्यंत छातीच्या बाजूने उतरते? बॅरिअॅट्रिकनंतर बहुतेकांची उतरते. तशी असेल आणि शस्त्रक्रिया फक्त दंडापुरती केली, तर दंड सडपातळ आणि काखेखाली वळकटी असं विचित्र दिसतं. त्यासाठी काप काखेतून वळवून छातीच्या कडेला न्यावा लागतो. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

थोडक्यात प्रकार तीन. छोट्यात काप काखेतच लपतो, पण तो दंडाच्या वरच्या भागातल्या थोड्याशा सैलपणापुरताच कामाचा. नेहमीच्या प्रकारात काप काखेपासून कोपरापर्यंत, आणि तिसऱ्यात तोच छातीच्या बाजूपर्यंत वाढवलेला. ताई दुसऱ्या किंवा तिसऱ्यात बसतील.

व्रणाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण या शस्त्रक्रियेत लोक नाराज होतात ते बहुतेक इथेच. तुम्ही लोंबती कातडी देऊन त्या बदल्यात काखेपासून कोपरापर्यंत एक कायमची रेघ घेता. ती पुसट होते, नाहीशी होत नाही. जागा दोन. एक, दंडाच्या आतल्या बाजूला, पुढचा आणि मागचा स्नायू मिळतात त्या खाचेत. हात खाली असताना दिसत नाही, पण वर केला की समोरच्याला दिसतो. दुसरी मागच्या बाजूला, जिथे कातडी लोंबते तिथेच. समोरून आणि आरशात दिसत नाही, मागे उभ्या असलेल्याला दिसतो. माझा कल आतल्या बाजूकडे आहे, कारण साडी-कुर्त्यात हात खालीच असतात. काही चांगले सर्जन मागची बाजू पसंत करतात. ताईंनी आरशासमोर उभं राहून सर्जनला पेनाने रेघ मारून दाखवायला सांगावं, मग ठरवावं.

व्रण कसा भरेल याचा अंदाज जुन्या व्रणांवरून येतो. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण, कान टोचल्याची जागा, सिझेरियन झालं असेल तर तो टाका. यातलं काही फुगून, चकचकीत, खाजरं झालेलं असेल तर सर्जनला दाखवाच. आपल्या त्वचेत व्रण जाड होण्याचं आणि काळवंडण्याचं प्रमाण गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त आहे. परदेशी वेबसाइटवरचे आधी-नंतरचे फोटो बघून अपेक्षा ठरवू नका. त्याच सर्जनचे, आपल्या वर्णाच्या रुग्णांचे, किमान एक वर्ष झालेले आणि हात वर करून काढलेले फोटो मागा. हात खाली ठेवून काढलेल्या फोटोत व्रण दिसतच नाही.

आत काय होतं तेही सांगतो. खुणा शस्त्रक्रियेआधी, रुग्ण जागा असताना, बसवून किंवा उभं करून काढतात. झोपल्यावर कातडी सरकते, खुणा चुकतात. सगळी कातडी एकदम कापून मग शिवायला घेत नाहीत. शस्त्रक्रिया चालू असतानाच दंड सुजायला लागतो आणि मोठा काप उघडा राहिला तर शेवटी कडा जुळत नाहीत. म्हणून थोडं कापायचं, क्लिपांनी कडा जुळवायच्या, पुढे सरकायचं. दोन्ही बाजू मिळून साधारण दोन ते तीन तास लागतात, लायपोसक्शन सोबत असेल तर जास्त.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला संवेदना देणारी नस. दंडाच्या मध्याजवळ ती बेसिलिक नावाच्या शिरेसोबत खोलातून वर येते, म्हणजे बरोबर कापाच्या वाटेत. जाणकार सर्जन तिथे स्नायूवरच्या आवरणावर चरबीचा पातळ थर मुद्दाम सोडतात. ती दुखावली तर कोपराखाली मनगटापर्यंत आतली बाजू बधिर होते, क्वचित तुटलेल्या टोकाला दुखरी गाठ होते. दंडाच्या आतल्या बाजूची थोडी बधिरता मात्र बऱ्याच जणांना येते आणि काही महिन्यांत कमी होते. "नस कुठे आहे आणि ती कशी सांभाळता?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका.

बिघडतं काय? सर्वांत जास्त वेळा काखेतला किंवा त्याच्या जवळचा टाका सुटतो. तिथे ताण जास्त, घाम जास्त, हालचाल सतत. बहुतेकदा ड्रेसिंगने भरतं, पण तिथला व्रण रुंद होतो. कातडीखाली पाणी साठतं, ते सुईने काढावं लागतं, कधी दोन-तीनदा. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त साठू शकतं. काखेतून व्रण सरळ गेला तर तो आखडून हात वर जाईना होतो, म्हणून तिथे काप नागमोडी वळवतात. कातडी जास्त काढली तर दंड आवळल्यासारखा होतो, कमी काढली तर थोडी ढिलाई उरते. दोन्ही हात तंतोतंत सारखे कुणाचेच नसतात, नंतरही नसतील.

एक सूचना इतर वाचकांसाठी. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताची शस्त्रक्रिया वेगळी विचारात घ्यावी लागते, हात कायमचा सुजण्याचा धोका असतो. तसंच दंड दाबल्यावर दुखत असतील, सहज काळेनिळे होत असतील आणि वजन उतरूनही दंड-मांड्याच जाड राहिल्या असतील, तर तो लिपिडिमा (चरबी विकृतपणे साठण्याचा आजार) असू शकतो. त्याचे उपचार वेगळे.

भूलतज्ज्ञ_परळ

वर दंडाचं सगळं आलं. मी भुलेच्या बाजूचं लिहितो, कारण ताईंच्या बाबतीत तीच बाजू जास्त महत्त्वाची आहे.

डापाग्लिफ्लोझिनचा उल्लेख केलात हे फार चांगलं केलंत. ही गोळी चालू असताना शस्त्रक्रियेसाठी उपास घडला तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मशीनवर आकडा १४० असतो म्हणून कुणाला शंका येत नाही आणि रुग्ण मात्र उलट्या, धाप, गळून जाणं असा बिघडत जातो. म्हणून ती साधारण ३ दिवस आधी बंद करतात. दुसरी गोळी कोणती त्यावर तिचं ठरेल. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, साखरेच्या डॉक्टरांकडून तारखा लिहून घ्यायच्या. वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि नेहमीचा उपास पाळूनही भूल देताना अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. काही ठिकाणी ते आधी थांबवतात, काही ठिकाणी चालू ठेवून आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ देतात.

तपासण्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी, एचबीए१सी, किडनी-लिव्हर, रक्त गोठण्याची तपासणी, ईसीजी, थायरॉइड, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी. बॅरिअॅट्रिक झालेल्यांनी यात लोह, बी १२, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) यांची भर घालायचीच. वजन उत्तम उतरलेलं असतं आणि आतून प्रथिनांचा दुष्काळ असतो, असे रुग्ण खूप दिसतात. अशा शरीरावर काखेपासून कोपरापर्यंत जखम केली तर ती भरायला लागणारा माल कुठून येणार? रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं, तीही शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधीपासून. दोन वाट्या वरणात ती होत नाहीत. अंडी, पनीर, मासे, सोया, गरज पडली तर व्हे पावडर. बी १२ कमी असेल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, मग नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू टाळतात.

तंबाखू कोणत्याही रूपात असेल, सिगारेट, व्हेप, गुटखा किंवा घरात जी तंबाखू धरली जात नाही ती मिश्री, तर आधी ४ आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कापाची कड काळी पडते. निकोटिनची च्युइंगम हा पर्याय नाही, तिच्यातही तेच आहे.

ॲस्पिरिन, ब्रुफेन, फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. साधारण आठवडा-दहा दिवस आधी बंद करतात, पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि ताईंचं बॅरिअॅट्रिक ऑपरेशन बायपास प्रकारचं (जठराला पुढचं आतडं जोडलेलं) असेल तर नंतरच्या दुखण्यावरही ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नको, आतल्या जोडावर अल्सर होतो. डिस्चार्ज कार्डवर ते सवयीने लिहिलं जातं, तेव्हा लक्ष ठेवा.

उपास म्हणजे जड जेवण ८ तास, हलकं खाणं ६ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. "रात्री बारानंतर घोटभर पाणीही नाही" हा जुना नियम सकाळी अकराच्या ऑपरेशनला लावू नका, भूलतज्ज्ञाला वेळ विचारून घ्या. दोन्ही दंडांवर काम असल्याने रक्तदाबाचा पट्टा पोटरीला आणि सलाइन हाताच्या पंजावर किंवा पायाला लागेल. सकाळी पायावर सुई बघून घाबरू नका.

आयसीयू नसलेल्या छोट्या नर्सिंग होममध्ये साखर असलेल्या रुग्णाची तीन तासांची पूर्ण भूल मी तरी सुचवणार नाही. निदान भूलतज्ज्ञ कोण, रात्री डॉक्टर हजर असतो का आणि बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात हलवणार, हे तीन प्रश्न विचारा.

सिस्टर_वॉर्ड७

घरी काय लागतं ते लिहिते, कारण डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांची धांदल इथेच होते.

आधीची तयारी. काखेत वॅक्सिंग किंवा रेझर दोन आठवडे आधीपासून बंद. बारीक खरचटलं तरी जंतूंना वाट मिळते. केस काढायचेच असतील तर थिएटरच्या वेळी क्लिपरने काढतात. आदल्या रात्री आणि सकाळी क्लोरहेक्सिडीनच्या साबणाने आंघोळ, त्यानंतर डिओ, पावडर, क्रीम काही नाही. नेलपॉलिश काढा, बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या क्लिपला अडथळा होतो. गडद मेंदीनेही होऊ शकतो. अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून या. हात सुजल्यावर काचेची बांगडी निघत नाही आणि मग ती फोडावी लागते. काही बायकांना ते मनाला लागतं, म्हणून आधीच सांगते.

कपडे सगळे पुढून उघडणारे, सैल. गाऊन पुढच्या बटणांचा. डोक्यावरून घालायचं काहीही पहिले तीन आठवडे नको. घट्ट बाह्यांचं प्रेशर गार्मेंट दोन नग घ्या, एक धुवायला, एक अंगात. मुंबईत एका नगावर चालत नाही, घामाने दुसऱ्या दिवशीच वास येतो. माप शस्त्रक्रियेनंतरची सूज धरून सर्जन सांगतील तेच, अंदाजाने ऑनलाइन मागवू नका. पहिले दोन-तीन आठवडे दिवसरात्र, आंघोळीपुरतं काढायचं, मग सहा आठवड्यांपर्यंत दिवसा. गार्मेंटची कड काखेत रुतत असेल तर खाली मऊ सुती कापडाची घडी ठेवा, नाहीतर टाक्याच्या टोकाशी कातडी सोलवटते.

झोपताना पाठीवर, दोन्ही हातांखाली उशा, हात छातीपेक्षा थोडे वर. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, ती पंज्यापर्यंत उतरते. मूठ उघड-मीट करत राहायचं, जागेपणी दर तासाला दहा-बारा वेळा. पहिल्या दिवसापासून घरात चालायचं. दंडाचं ऑपरेशन असलं तरी पडून राहिलं की पायात गुठळी होऊ शकते.

ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर ओढणारी नळी आणि बाटली) लावला असेल तर दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा ठेवा. रोज एकाच वेळी रिकामा करायचा, मिली आणि रंग वहीत लिहायचा. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आला की साधारण काढतात. रिकामा केल्यावर बाटली दाबून मगच बूच लावायचं, नाहीतर ती ओढत नाही आणि पाणी आत साठतं. ही चूक घरोघरी होते.

काखेची जागा कोरडी राहायला हवी. आंघोळीनंतर पुसायचं नाही, टॉवेलने टिपायचं आणि पंख्याखाली हात थोडा दूर धरून बसायचं. पावडर टाकायची नाही, ती टाक्यात बसते. बाहेरून दिसणारे टाके असतील तर १० ते १४ दिवसांत काढतात.

लगेच फोन करायच्या गोष्टी: एकच दंड अचानक टणक, फुगलेला, निळसर आणि खूप ठणकणारा. बोटं गार, निळी किंवा बधिर पडली तर पट्टी घट्ट झाली आहे. ताप १०१ च्या वर, टाक्यातून पू किंवा वास. पोटरी एकाच पायाची सुजून दुखली किंवा धाप लागली तर फोन करत बसू नका, १०८ बोलवा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

घरकामाचं. पहिले दोन आठवडे काही नाही, चहाचं भांडं उचलण्यापलीकडे. तीन-चार आठवडे दोन किलोच्या वर वजन नको. भरलेला पाच लिटरचा कुकर, पाण्याची बादली, मुलांची दप्तरं यात येतात. कणीक मळणं चौथ्या आठवड्यानंतर. छताजवळच्या दांड्यांवर कपडे वाळत घालणं सहा आठवडे दुसऱ्याने करायचं. ते साधं वाटतं, पण हात वर ताणून ओला टॉवेल झटकला की काखेतला टाका सुटतो.

कलम_आणि_अटी

विम्याचं थोडक्यात. दिसणं बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) ठरावीक अपवादांत कोड ०८ खाली वगळलेली आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचार, एवढेच मार्ग मोकळे आहेत. घडीत वारंवार चट्टे येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाची तारखेसह चिठ्ठ्या-औषधं आणि फोटो जोडून आधी पूर्वमंजुरी मागा. नकार येण्याची शक्यताच जास्त, तरी लेखी घ्या. फाइलवर दुसरंच निदान लिहून क्लेम बसवून देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. उद्या पकडलं गेलं तर पूर्ण पॉलिसी अडचणीत येते. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली तर तिचा खर्च मिळेल का, हेही विमा कंपनीला लेखी विचारा.

कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला आरोग्यसेवेची जीएसटी माफी नाही. कोटेशनमध्ये कर धरलाय का बघा. शिवाय सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, गार्मेंट, ड्रेसिंगच्या भेटी आणि पुढे व्रण सुधारावा लागला तर त्याची फी, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. "पॅकेज" या एका शब्दात यातलं निम्मं नसतं.

डॉक्टरांची पदवी एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) प्लास्टिक सर्जरी हवी. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा ही शस्त्रक्रियेची पदवी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासा, एमबीबीएसनंतरच्या पदव्याही तिथे नोंदवाव्या लागतात. नर्सिंग होमला पालिकेची नोंदणी लागते. खर्च झेपत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. भाजलेले, अपघातातले, कर्करोगाचे रुग्ण तिथे आधी घेतात आणि ते योग्यच आहे, पण ओपीडीत दाखवून मत घ्यायला काहीच हरकत नाही. "व्रण नाही" सांगणाऱ्या क्लिनिकपेक्षा ते मत जास्त भरवशाचं असेल.

फिजिओ_माहीम

सिस्टरनी हात वर नको म्हटलंय ते बरोबर, पण त्याचा अर्थ हात अंगाला चिकटवून ठेवायचा असा लोक घेतात आणि सहा आठवड्यांनी खांदा आखडून येतात. साखर असलेल्यांचा खांदा तर आणखी लवकर आखडतो. खांद्याच्या उंचीच्या खाली हालचाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हवी: खांदे वर-खाली, मागे-पुढे गोल, कोपर वाकवणं-सरळ करणं, दिवसातून चार वेळा. दोन-तीन आठवड्यांनी सर्जनने जखम बघून होकार दिला की भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर. ताण जाणवला की तिथे थांबायचं, ठणका लागेपर्यंत नाही.

ऑफिसचं टेबलवर्क दहा दिवस ते दोन आठवड्यांत जमतं, अडचण प्रवासाची आहे. मुलुंडहून सीएसएमटीच्या फास्टमध्ये गर्दीच्या वेळी वरची कडी धरून उभं राहणं म्हणजे हात पूर्ण वर, त्यावर शरीराचा भार आणि धक्के. निदान सहा आठवडे ते नको. शक्य असेल तर एक महिना घरून काम, नंतर गर्दी टाळून जागा मिळेल अशी स्लो पकडावी आणि बसूनच जावं. पर्स आडवी घालायची, खांद्याला लटकवायची नाही. जिमचे हाताचे व्यायाम सहा आठवड्यांनंतर, सुरुवात एक किलोने. आणि ज्यांना वाटतं की ट्रायसेप्सच्या व्यायामाने शस्त्रक्रिया टळेल: स्नायू भरतो, सुटलेली कातडी आकसत नाही.

प्राजक्ता_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला वाचून दाखवलं. काखेखाली वळकटी आहे, पट्ट्यापर्यंत. मागचे रिपोर्ट काढले: एचबीए१सी ८.१, हिमोग्लोबिन ९.८. तिचं ऑपरेशन बायपासच होतं. फेब्रुवारीच्या शेवटी भाचीचं लग्न आहे आणि तिला नोव्हेंबरच्या मध्यात, दिवाळी उरकली की करून घ्यायचं आहे. तोवर व्रण किती दिसेल? आणि ड्रेन लावणारे चांगले की न लावणारे?

भूलतज्ज्ञ_परळ

हे आकडे असताना तारीख घेऊ नका. साखर अशी असताना जखमेत जंतू लागण्याचा आणि टाके सुटण्याचा धोका सरळ वाढतो, आणि ही जखम लांब आहे. बहुतेक जण अशा ऐच्छिक शस्त्रक्रियेला एचबीए१सी ७ च्या आसपास मागतात. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आठवडाभर भात सोडून ती सुधारत नाही. हिमोग्लोबिनचं कारण बहुधा लोह. बायपासनंतर लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, म्हणून शिरेतून लोह द्यावं लागू शकतं. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून बॅरिअॅट्रिक टीमला दाखवा. शिरेतून दिल्यावर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

दहाशून्य_नायलॉन

पूर्ण सहमत. आणि रिपोर्ट उत्तम असते तरी लग्नासाठी नोव्हेंबर ही वेळ चुकीचीच ठरली असती. दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान व्रण सर्वांत लाल, उंचावलेला आणि खाजरा असतो. आधी तो वाईट दिसतो, मग शांत होतो. पूर्ण मुरायला १२ ते १८ महिने. म्हणजे फेब्रुवारीत आकार छान, पण बाही कोपरापर्यंतचीच लागली असती. त्यापेक्षा लग्न उरकू द्या. मार्च ते मेचा उकाडा आणि पुढचा पावसाळा काखेच्या जखमेला वाईट. मी ताईंना पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरची, नोव्हेंबर ते जानेवारीमधली तारीख सुचवीन. तेवढ्या काळात साखर, लोह, प्रथिनं तिन्ही जागेवर येतात. तोवर वजन दोन-तीन किलोच्या आत स्थिर ठेवायचं. शस्त्रक्रियेनंतर आणखी दहा किलो उतरले तर कातडी पुन्हा ढिली पडेल. चट्ट्यांसाठी आत्तापासून त्वचारोगतज्ज्ञाचं मलम चालू करा, काखेतली बुरशी आणि चट्टे पूर्ण बरे असल्याशिवाय मी काप घेत नाही.

ड्रेनवरून सर्जन पारखू नका. कापायच्या भागाखालची चरबी आधी लायपोसक्शनने काढून फक्त कातडी उचलली तर लसिकावाहिन्या (कातडीखालचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) बऱ्याच शाबूत राहतात, मग पुष्कळजण ड्रेन लावत नाहीत. छातीच्या बाजूपर्यंत काप नेला की मी लावतो. पाणी दोन्ही पद्धतींत साठू शकतं. विचारायचं ते हे की साठलं तर ते कोण काढणार, किती वेळा, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का.

व्रणाची निगा: जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सिलिकॉनची पट्टी दिवसाला १२ तासांच्या वर, किमान तीन महिने. आपल्या हवेत पट्टीखाली घामोळं येतं, ती रोज धुवून, कातडी वाळवूनच परत लावायची. उन्हाळ्यात पट्टीऐवजी सिलिकॉन जेल चालतं. वर्षभर उन्हापासून झाकायचं किंवा ३० च्या वरचं सनस्क्रीन. व्रण जाड व्हायला लागला तर सहा महिने वाट बघत बसायचं नाही, लवकर दाखवायचं. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरुवातीला दिलं की काम करतं.

लग्नाचा ब्लाउज शिवताना शिंप्याला बाहीत माया ठेवू नका म्हणावं. ऑपरेशननंतर दंडाचा घेर कमीच होणार आहे, तेव्हा बाही आत घ्यावी लागेल, सोडावी लागणार नाही. फक्त नवीन मापाचं काहीही शिवायला तीन महिन्यांच्या आत टाकू नका, सूज तोवर उतरत असते.